साखरबाई आणि साकरबाय

जालन्याकडची साखरबाई बोईसरजवळच्या सरावलीत राहायला आली त्याला अठरा वर्षं झाली. नवरा पुंजाराम तारापूरच्या एका कारखान्यात. घरी बसून करायचं काय, म्हणून तिने शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली, आणि आता बोईसरच्या दुकानांत ‘साखरबाई चटणी’च्या बरण्या दिसतात. लेक अपेक्षाने गेल्या वर्षी नावाचा ट्रेडमार्क नोंदवून घेतला, तेव्हा साखरबाईला हसूच आलं. आईबापाने ठेवलेलं नाव पुन्हा कशाला नोंदवायचं?

एके दिवशी पुंजारामच्या कारखान्यातला फिटर कमलेश दारात आला. “मावशी, चटणीत मासळी कधीपासून? माझा सोमवार बाटला की!”

साखरबाईने त्याच्या हातातली बरणी घेतली. बरणीवरची अक्षरं तिने बोट ठेवून लावली. ‘साकरबाई चटणी’. आत जवळा. “ही माझी नव्हे,” ती म्हणाली, पण तिचाच आवाज तिला खोटा वाटला.

पालघरच्या वकील रूपालीताई म्हणाल्या, “एक अक्षर बदलून भागत नाही. कानाला सारखंच लागतं, माल चटणीच, आणि गिऱ्हाईक फसलं. नोटीस पाठवू.”

“आधी मी भेटते,” साखरबाई म्हणाली.

मायलेकी दातिवऱ्याला गेल्या. बरणीवरच्या पत्त्यावर हिरा नावाची कोळीण जवळा निवडत बसली होती. भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून ती म्हणाली, “साकरबाय माजी सासू. चव तिची, म्हणून नाव तिचं लावलंय. तुमचं कुटं घेतलंय?”

अपेक्षाने नोंदणीचा कागद दाखवला.

“कागदावर लिवलं म्हंजे माजी सासू खोटी?”

साखरबाई गोंधळली. हिराचं खरं, रूपालीताईंचंही खरं. मग चूक कुणाची?

“सासू खोटी नाही गं,” ती चाचरत म्हणाली, “पण दुकानात कुणाला कसं कळावं? तू तुझं नाव लाव.”

“माज्या नावाची चटणी कोन घेल?”

“सुरुवातीला माझ्या नावाची तरी कोण घेत होतं?”

हिराने सासूच्या फोटोकडे एकदा पाहिलं. मग तिने मान डोलावली.

महिन्याभरात दुकानात ‘हिराबाई जवळा चटणी’ आली. वर सासूचा फोटो, नाव नाही.

“जिंकलो!” अपेक्षा म्हणाली.

साखरबाईने बरणी उलटसुलट करून पाहिली. आपलं नाव राखलं की दुसऱ्या बाईचं पुसलं, तिला काही उमजेना.