टिपणीससाहेबांची पोलादी पट्टी

टिपणीससाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. माझा सूड पुरा व्हायला चारच दिवस उरले होते. रविवारी जयपूरच्या आम्हा मराठी मंडळींनी त्यांचा सत्कार ठेवला होता, भाषण माझं होतं, आणि त्यात मी त्यांना भर सभेत उताणं पाडणार होतो. "काका, बाबा गेले... मतलब, सकाळी चहा घेता घेताच," त्यांची मुलगी चित्रा म्हणाली. मी म्हणालो, "असं कसं? रविवारी सत्कार आहे ना." याहून मूर्खासारखं मी आयुष्यात काही... नाही, केलंय. सुडाचं मूळ तिथेच आहे.

बनी पार्कातल्या एका बंगल्याच्या दोन खोल्यांत साहेबांचं ऑफिस होतं. इमारतींच्या मजबुतीची गणितं करून द्यायचे. २००२ साली मी तिथे नवा होतो. गोपालपुऱ्यातल्या एका कोचिंगवाल्याला गोल जिन्याच्या मधोमध उंच, सडपातळ खांब हवा होता. मी गणित करून त्याच्यासमोरच ऐटीत साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी कागद पाहिला, उठले, टेबलाला लावलेल्या लोखंडी शिकंज्यात खोकी बांधायची पोलादी पट्टी उभी धरली आणि हळूहळू वर सरकवत गेले. वीतभर होती तोवर ताठ. हातभर झाली तरी ताठ. मग आणखी थोडी वर गेली आणि मुकाट्याने एका बाजूला वाकली.

"हिच्या डोक्यावर कोण बसलंय, बोरकर?"

"कुणी नाही, साहेब."

"मग वाकली कशाने?"

"स्वतःच्याच वजनाने."

"आणि तुझ्या खांबाचं वजन कुठे गेलं? सुट्टीवर?"

कोचिंगवाला चहा सांडेपर्यंत हसला. त्या दिवसापासून साहेब माझी ओळख करून देत ती अशी: "हे बोरकर. यांच्या खांबांना वजन नसतं." माझ्या लग्नात, माझ्या सासऱ्यांनासुद्धा. मी बदला म्हणून त्यांच्या पेन्सिलींची टोकं मोडून ठेवली, तर त्यांनी माझ्याकडूनच त्या तासून घेतल्या. सात वर्षं मी वाट पाहिली.

मग जगतपुऱ्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायला लागलो. तिथल्या दर्शनी हॉलमध्ये साहेबांनी गणित केलेला खांब आहे. तीन मजले उंच, माथा मोकळा, आणि पायापासून शेंड्यापर्यंत संगमरवरी लाद्या. मुलांना सराव म्हणून मापं घ्यायला लावली, घरी येऊन आकडेमोड केली... आणि खुर्चीतून उठलो. साहेबांनी लाद्यांचं आणि खांबाचं सगळं वजन माथ्यावर ठेवलं होतं! ते तर अंगभर पसरलेलं. असं विभागलेलं ओझं खांबाला कितीतरी कमी वाकवतं, तिसऱ्या हिश्शाचा ताठपणा पुरला असता. दुसरा कुणी त्याच संध्याकाळी साहेबांकडे धावला असता. मी नऊ महिने गप्प बसलो. दर शनिवारी त्यांच्याकडे पोहे खायचो. ते विचारायचे, "आमचा जगतपुऱ्याचा खांब नीट पाहिलास का रे?"

"पाहिला. छान आहे."

"बस?"

"बस."

मग ते खिडकीबाहेर बघत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला कौतुकाची भूक आहे. मी मनात म्हणायचो, थांबा, तो सत्काराचा रविवार येऊ दे.

तेराव्यानंतर चित्राने शिकंजा, पट्टी आणि एक फाइल आणून दिली. "बाबांनी यावर तुमचं नाव लिहिलंय." फाइल त्याच खांबाची होती. समासात पेन्सिलीने बारीक अक्षर: "सगळं वजन माथ्यावर धरलं आहे. इतकं पोलाद लागत नाही. जाऊ दे, नुकसान झालंच तर पैशाचं, खांबाचं नाही. बोरकरला हे दिसेल त्या दिवशी त्याला चिडवणं बंद."

मी ते तीनदा वाचलं. सुडापायी मी गप्प बसलो, आणि साहेब मला अजून कच्चाच समजून गेले... यात उताणं कोण पडलं, ते मोजायला गणित लागत नाही.

पट्टी आता माझ्या टेबलावर आहे, वाकायच्या बोटभर अलीकडे ठेवलेली. फाइलीत त्यांच्या ओळीखाली मीही लिहिलं: "नऊ महिन्यांपूर्वीच दिसलं होतं." साहेबांना समासात शाई मुळीच खपत नसे. मी शाईने लिहिलं.