आबांना मैदान सांगताना

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर गेली तेव्हा मी अकरावीत होते. एकदम गेली नाही. साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब झाले होते, आणि जुनं कापड विरत जावं तसं त्यांच्यासमोरचं जग कडेकडेनं विरत गेलं. शिवाजी पेठेत त्यांचं शिवणकामाचं छोटं दुकान होतं. आधी काजं-बटणं सुटली, मग कापणं सुटलं. एके दिवशी त्यांनी मशीनवर चादर टाकली, घरी आले आणि पलंगावर बसले. आईनं चहा दिला, तो प्यायले.

त्याच हिवाळ्यात फुटबॉलचे सामने सुरू झाले. आमच्या पेठेत सामना असला की गल्ल्या रिकाम्या होतात, आणि आबांनी तर लहानपणापासून एकही हंगाम चुकवला नव्हता. दोन दिवस ते दारात उभं राहून मैदानाकडं जाणाऱ्या मोटरसायकलींचे आवाज ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल, मला घेऊन. नुसतं ऐकून येतो."

मला भाऊ नव्हता आणि आईला गर्दी सोसायची नाही. मग मीच त्यांचा हात धरून गेले. पायऱ्यांवर आमच्या आसपास सगळे पुरुषच होते, त्यांनी सरकून जागा दिली. ऊन उतरायला लागलं होतं. खाली मैदानावर धुळीचा एक पातळ पडदा तरंगत होता, आणि त्यातून खेळाडू स्वप्नात दिसावेत तसे दिसत होते, पाय जमिनीला न टेकता.

"काय चाललंय?" आबांनी विचारलं.

"बॉल आपल्याकडं आहे. आता त्यांच्याकडं गेला."

"ते मला लोकांच्या वरडण्यावरनं कळतंय की. तुला दिसतंय ते सांग."

"एक निळा शर्टवाला पळतोय."

"कुठला निळा?"

"निळा म्हणजे निळाच, आबा."

"अगं, निळ्या दोऱ्याचं रीळ आणाय तुला पाठवलं तर दुकानात असंच म्हणशील? कोरा निळा हाय का धुतलेला? शाईसारखा का आभाळासारखा?"

मी बघितलं. खरं म्हणजे तोवर मी बघतच नव्हते. तो निळा खूप धुतलेला होता. खांद्यांवर उन्हानं पांढुरका झालेला आणि पाठीवर घामानं इतका गडद, की जणू पाठीपुरतं दुसरंच कापड लावलंय. मी तसं सांगितलं. आबांनी डोळे मिटले. सुईत दोरा ओवताना चेहरा व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला, आणि मग सैल पडला.

"हां," ते म्हणाले. "आता पळू दे त्याला."

त्यानंतरचे दोन हंगाम आम्ही तसेच बघितले. मी सांगायचे, ते मिटल्या डोळ्यांनी बघायचे. खेळाचं मला फारसं कळत नव्हतं, म्हणून मी बाकीचंच जास्त सांगायचे. बॉल मारण्याआधी मोजे वर ओढायची सवय असलेला खेळाडू. आपला संघ पुढं चढाईला गेल्यावर लांबच्या टोकाला एकटाच राहिलेला गोलकीपर, शेवटची एसटी चुकल्यासारखा उभा. संध्याकाळ होईल तशी गोलच्या खांबाची सावली मैदानात लांब लांब जायची, आणि मी तेही सांगायचे. हळूहळू मला वाटायला लागलं की सामना खाली चाललेलाच नाही. तो आमच्या दोघांच्या मधल्या जागेत चाललाय, आणि मी शब्द काढल्यावरच खेळाडू पाऊल उचलतोय.

एकदा मागच्या पायरीवरचे एक गृहस्थ पुढं वाकले. "पोरी, जरा मोठ्यानं सांग. आम्हाला बी ऐकू दे."

"तुम्हाला दिसतंय की, काका."

"दिसतंय, पण तू सांगतीस तसं न्हाय दिसत."

घरी परतताना आबा गल्लीतून माझा हात न धरता, नुसता माझ्या खांद्याला खांदा लावून चालले.

पुढं मला शिक्षिकेची नोकरी लागली ती चंदगडकडच्या एका डोंगरातल्या शाळेत. खोली घेतली. फोनला रेंज नव्हती. काजूच्या झाडांमधून थोडं चढून गेलं की एका जागी आवाज यायचा. शाळा सुटली की मी तिथं जाऊन घरी फोन करायचे.

"तिथं काय दिसतंय?" आबांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

"काही नाही, आबा. सगळीकडं धुकं आहे."

"मग धुकंच सांग की."

मला सांगता येईना. मैदानावर काहीतरी हलत असायचं, इथं सगळं थांबलेलं होतं. मी अडखळले, मग आवाज तुटला. खोलीवर आले तरी ते डोक्यातून जाईना. एका कोऱ्या उत्तरपत्रिकेवर मी लिहायला बसले, उद्या फोनवर वाचून दाखवता यावं एवढ्यासाठीच. धुकं भातखाचरांतून वर येतं. आधी बांध जातात, मग झाडांचे बुंधे, मग शेंडे, आणि शेवटी नुसत्या म्हशींच्या घंटा उरतात. चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. पुन्हा लिहिल्या. बाहेर बघितलं तर धुकं खिडकीशी येऊन थांबलं होतं आणि मला आपण पाण्याखाली बसलोय असं वाटत होतं. भूक लागल्याचंही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. फोनवर बराच वेळ शांतता होती. रेंज गेली असं मला वाटलं.

"हाय मी," आबा म्हणाले. "थांब जरा. अजून त्यातच हाय."

माझ्या ओळखीच्या लिहिणाऱ्यांपैकी एकीनं घरात कुणी ऐकून घेत नव्हतं म्हणून लिहायला घेतलं, एकानं मित्र अचानक गेल्यावर. माझ्याकडं तसलं दुःख नव्हतं. मला फक्त एक ऐकणारा मिळाला होता, ज्याला मी सांगितल्याशिवाय काही दिसणार नव्हतं. त्या संध्याकाळनंतर मी रोजच लिहायला लागले. काही दिवस फोन व्हायचा नाही, तरी लिहायचे. कधी ते आबांसाठी राहिलं नाही आणि माझं झालं, ते मला सांगता येणार नाही.

काही वर्षांनी माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात आली. डोंगरातल्या शाळेची, धुक्यातून येणाऱ्या मुलांची. त्यांच्यापुढं रोज एक कुत्रा वाट दाखवत चालतो आणि शाळेच्या दारातून मागं वळून जातो. सुट्टीत घरी आल्यावर मी ती आबांना वाचून दाखवली. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती.

"ह्या कुत्र्याचं तू फोनवर कधी बोलली न्हाईस," आबा म्हणाले.

"नव्हताच तो, आबा."

"मग?"

"लिहिताना आला."

आईनं आतून विचारलं, "असं खोटं छापत्यात व्हय?"

"असू दे," आबा म्हणाले. "मला दिसला त्यो."

मग आईनं ताटं वाढली. जेवताना आबा विचारत राहिले, पोरांना सोडून तो कुत्रा दिवसभर कुठं जातो, त्याचं घर कुठल्या वाडीत, पावसात काय करतो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. भाकरी ताटात गार होत होती, आणि मी सांगत होते.