कडीजवळचं भोक

माणूस किल्ली विसरतो, चष्मा विसरतो, लग्नाचा वाढदिवससुद्धा विसरतो. पण आपल्याच घरात शिरायचं कसं, हेच विसरलेली बाई तुम्ही पाहिलीय का? नसेल तर नीट बघून घ्या. तुम्हाला चहा ओततेय ना, तीच!

तेव्हा इंदुरात एकेक करून गिरण्या बंद पडत होत्या. रामरतनजी वीस वर्षं लूमवर होते. गिरणीला कुलूप लागलं, तसे ते सायकलवर तारेचं भेंडोळं अडकवून गल्लोगल्ली जाळ्या दुरुस्त करत फिरू लागले. दुरुस्त म्हणजे ठिगळ नाही हं! तारेनं तार विणायचे.

आमच्या जाळीच्या दाराची पार चाळण झाली होती. हे म्हणत होते, "बाजारात नायलॉनची नवी जाळी आलीय, तीच लावू." रामरतनजींनी मात्र दारावरून बोट फिरवलं, वैद्यानं नाडी बघावी तसं.

"फेंको मत, भाभीजी. जाली में जान हे अभी."

"ठीक है, पर एक भी छेद नहीं रहना चाहिए!" मी बजावलं.

त्यांनी कडीजवळच्या मुठीएवढ्या भोकावर हात ठेवला. "ये वाला भी? सोच लो."

"अहो, वही तो सबसे बड़ा है!"

"सच्ची में बंद कर दूँ?"

"आपसे नहीं होगा क्या?" मी म्हटलं. बघा, काय ही जीभ!

ते सायकलवरचं भेंडोळं घेऊन आले. मांडी घालून बसले. एक तार वरून, एक खालून, मग अंगठ्यानं हलकेच दाबायचं. मी भाजी निवडायचं सोडून बघतच राहिले. दुपारपर्यंत दार असं झालं की डास सोडा, उन्हानंसुद्धा विचारून आत यावं!

"पड़ोस में बता देना, भाभीजी," जाताना एवढंच म्हणाले. घरात तीन शिकणारी मुलं होती त्यांच्या.

"कल दस बजे आइए. तीन घरों का काम पक्का समझो!" मी छाती ठोकून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तिघींना खिडकीतूनच हाका मारून बोलावलं. मालूताई, शर्मा भाभी आणि पाठकवहिनी. पाठकवहिनी म्हणजे गल्लीचं हायकोर्ट! त्यांनी नाक मुरडलं की बाकीच्यांचं आपोआप मुरडतं.

"बाहेरून बघा," म्हणत मी सगळ्यांना ओट्यावर काढलं आणि ऐटीत दार ओढलं. "सांगा आता, भोकं कुठे होती?"

तिघी नाक लावून शोधतायत. सापडेल तर शपथ!

"कमाल आहे गं!" चक्क पाठकवहिनी म्हणाल्या.

"चला, आता चहा घेऊ," असं म्हणत मी सवयीनं हात आत घातला. म्हणजे घालायला गेले. खण्णकन बांगड्या जाळीवर!

आता सांगते ते भोक कसलं होतं. आमच्या दाराचा आकडा दार लोटलं की आपोआप कडीत पडायचा. बाहेरून येणारानं त्या भोकातून हात घालायचा, आकडा काढायचा, आत यायचं. बारा वर्षं! दूधवालासुद्धा तसाच यायचा. दुरुस्तीपासून मी घरातच, येईल त्याला आतून उघडत होते, म्हणून ध्यानातच आलं नव्हतं. आणि मी आमची ती एकुलती एक किल्लीच विणून घेतली होती!

मागचं दार आतून बंद. हे ऑफिसात. गॅसवर दूध.

"फाड ती जाळी!" मालूताई ओरडली.

फाडू कशी? माणसाचं पोट होतं त्या जाळीवर!

"घरच्याच बाईला बाहेर काढलं," पाठकवहिनींनी नाक मुरडलं. "हा कसला कारागीर? मी बाई नायलॉनचीच आणणार."

आणि मी? खरं सांगते, लाजेनं गप्प बसले.

तेवढ्यात सायकलची घंटी. रामरतनजी! पाठकवहिनी त्यांच्यावर तुटूनच पडल्या, "ऐसा कैसा काम करते हो, भिया? बिचारी अंदर कैसे जाए?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. सगळं समजले. आणि हात जोडून म्हणाले, "गलती हो गई, बेनजी. मुझे पूछ लेना था."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "पूछा था!" मी ओरडलेच. "दो बार पूछा था यांनी! मूर्ख मी आहे. मीच बंद करायला लावलं!"

शर्मा भाभींना हसू आवरेना. रामरतनजी शांतपणे म्हणाले, "पहले दूध बचाओ. ज़रा जूड़े की पिन देना."

पिन सरळ केली, जाळीच्या एका बारीक चौकोनातून आत सारली, आकडा उचलला. टक! तारेला धक्का नाही. आम्ही चौघी, चौघींच्या डोक्यात मिळून वीसेक पिना, आणि जाळी फाडायला निघालो होतो!

दूध अर्धं उतू गेलं, पण तिन्ही घरांचं काम तिथेच ठरलं. पाठकवहिनींचं सगळ्यात आधी. जाताना तिघीही बजावून गेल्या, "भिया, कड़ी वाला छेद रहने देना हं!"

"आपका वापस खोल दूँ?" त्यांनी मला विचारलं.

इतकं सुंदर विणलेलं कोण उसकटणार? मी नाही म्हटलं.

तेव्हापासून आमचे हे, डोक्यावर एक केस नाही, पण शर्टाच्या खिशात पेनाशेजारी माझी पिन बाळगतात. ऑफिसात कुणी हसून विचारलंच तर सांगतात, "घराची किल्ली आहे. बायकोनं हौसेनं करवून घेतलीय."