तखतावरच्या रेल्वेचे खटके

जबलपुरात फॅक्टरीच्या वस्तीत एक फिटर राहत होते, एक त्यांची माय, एक त्यांची बायको, आणि समोरच्या खोलीतल्या लाकडी तखतावर एक रेल्वे. फिटर म्हणजे आमचे हे, बायको म्हणजे मी. घरात माणसं थोडी, पण त्या रेल्वेपायी किस्से इतके साचले की फळीवरच्या डब्यांसारखं झालं. एक काढायला जावं, तर मागचे दोन अंगावर येतात.

लढाई लागली तशी फॅक्टरीत भरती निघाली. हे त्या भरतीतले, म्हणून टेंपररी. लढाई संपली की टेंपररी लोकांना घरी बसवणार, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. दुसरा कोणी असता तर साहेबांच्या मागंपुढं फिरला असता. यांनी तखतावर रेल्वे मांडली. नोकरी सोडून परदेशी चाललेल्या एका गार्डानं चावीचं इंजिन देऊन टाकलं होतं. रूळ यांनी पत्र्याचे कापले. रूळ जिथं फुटतात, तिथं गाडी इकडं घालायची की तिकडं हे ठरवणारा जो सांधा, त्याला रेल्वेवाले पॉइंट म्हणतात. सायकलच्या ब्रेकची तार लावून यांनी प्रत्येक पॉइंटचा खटका तखताच्या कडेला आणला.

खटके सगळे सारखे. कोणता कशाचा, ते ओढल्याशिवाय कळेना. आणि ओढून कळलं तरी उपयोग काय, तोवर इंजिन सासूबाईंच्या पानाच्या डब्यात.

*

शेजारी तिवारीजी राहायचे, जिथून खऱ्या गाड्यांचे खटके ओढतात त्या रेल्वेच्या केबिनमधून रिटायर झालेले. ते म्हणाले, "केशवभैया, नंबर डालो."

यांनी खडूनं नंबर घातले, उजवीकडून. कारण हे उजव्या टोकाला बसत. तिवारीजींनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "केबिन में नंबर बाएँ से पड़ता है, भैया."

हे ड्यूटीवर गेले की तिवारीजी येऊन डावीकडून नंबर घालत. हे घरी आले की पुसून उजवीकडून घालत. असं बरेच दिवस चाललं. शेवटी सासूबाईंनी ओलं फडकं घेतलं आणि सगळेच पुसून काढले.

"दोघं भांडून राहिले ना? मग कोणाचाच नको."

*

मग यांनी चिठ्ठ्या लावायचं ठरवलं. त्या दिवसांत ब्लॅकआउट असायचा, म्हणून खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला. यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच चौकोन कापले, त्यावर पानाच्या चुन्यानं लिहिलं, आणि कणकेच्या खळीनं खटक्यांवर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई दारात. "इस खिड़की में ये छोटी-छोटी खिड़कियाँ किसने बनाईं?"

मी दाराआड झाले. पण हे शांतपणे त्याला तखतापाशी घेऊन गेले. "कागज़ यहाँ है, साहब."

शिपायानं टोपी काढली. उकिडवा बसला. मग मांडी घातली. "कटनी वाली गाड़ी किधर से जाएगी?" म्हणाला. मी चहा केला, पुन्हा केला. जाताना त्याला ड्यूटी आठवली. "खिड़की पर नया कागज़ लगवा लेना," म्हणून तो पायरी उतरला. आणि परत वळला.

"कल इसी वक़्त फिर आऊँगा. जाँच के लिए."

चिठ्ठ्या मात्र टिकल्या नाहीत. खळ झुरळांनी खाल्ली.

*

मला आणि सासूबाईंना तसंही अक्षर येत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "खटक्याला माणसाचं नाव द्या. घरचा माणूस कोणी विसरत नाही." आणि त्यांनीच प्रत्येकाच्या जुन्या कापडाच्या चिंध्या काढल्या. तिवारीजींच्या गमछ्याची, माझ्या हिरव्या लुगड्याची, त्यांच्या स्वतःच्या पातळाची, यांच्या खाकी पँटची, माझ्या नणंदेच्या जांभळ्या साडीची. एक चिंधी खटक्याला, तीच पॉइंटला. बघायचं आणि ओढायचं. चांगलं चालू लागलं.

मग नणंदबाई माहेरपणाला आल्या. शांताबाई त्यांचं नाव. आपली जांभळी चिंधी पाहून आधी खूश झाल्या, मग रूळ कुठं जातो ते बोटानं बघत गेल्या.

"माझीच लाईन काहून भिंतीत जाते?"

हे म्हणाले, "ताई, ती सायडिंग आहे. तिथं डबे आराम करतात."

"म्हणजे मी इथं आराम करायला येते, असं म्हणून राहिला तू."

चहा तसाच ठेवला त्यांनी. जेवतील की नाही अशी वेळ आली. तेव्हा सासूबाईंनी गुपचूप शांताबाईंची चिंधी काढून तिवारीजींच्या खटक्याला बांधली, आणि तिवारीजींची शांताबाईंच्या. खटक्यांच्या चिंध्या बदलल्या, पॉइंटच्या तशाच राहिल्या. शांताबाई जेवल्या.

संध्याकाळी तिवारीजी कौतुकानं बघत बसले होते. यांनी त्यांचा गमछा बघून खटका ओढला, आणि गाडी सरळ भिंतीवर.

"हमारी गाड़ी दीवार में?" तिवारीजींचा चेहरा असा झाला की शांताबाईंनाच त्यांची दया आली. त्यांनी आपण होऊन सायडिंग परत घेतली.

*

पण तिवारीजींनी त्या दिवसापासून केबिनचा कायदा लावला. एकानं नाव पुकारायचं, दुसऱ्यानं ओढायचं. "नाम सुने बिना हाथ नहीं हिलेगा." रोज तिवारीजी पुकारायचे, हे ओढायचे. गाडी एकदाही पडली नाही.

लढाई संपली. गल्लीत एकेकाला नोटीस येऊ लागली. फॅक्टरीच्या आत वॅगनींसाठी रूळ होते, आणि तिथल्या नव्या माणसांना शिकवायला ट्रेनिंगच्या शाळेत कोणीतरी हवं होतं. फोरमननं यांचं नाव सांगितलं. तिथले साहेब म्हणाले, रविवारी घरी येऊन बघतो. पसंत पडलं तर यांना शाळेत घेणार, पक्कं करून. नाही पडलं तर यांचीही नोटीस ठरलेली.

नेमके त्या रविवारी तिवारीजी लग्नाला पनागरला गेलेले. हे म्हणाले, "तूच पुकार. तुला तर सगळी नावं पाठ."

होती पाठ. पुढचा विचार कोणीच केला नाही.

साहेब खुर्चीत बसले. यांनी चावी दिली. "आत्याबाई," मी म्हटलं; सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणायची. खटका. "शांताबाई." खटका. "तिवारीजी." खटका. साहेब मान हलवत होते. मग इंजिन खाकी चिंधीकडं निघालं, आणि माझी वाचा बसली. नवऱ्याचं नाव, तेही परक्या पुरुषासमोर, घ्यायचं कसं? यांचा हात खटक्यावर, डोळे माझ्याकडं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "उखाण्यात घे, पोरी."

मी पदर सारखा केला.

"नर्मदेच्या घाटावर लावला दिवा,
पहिला मान देते गावच्या देवा..."

इंजिन साहेबांच्या बुटांपाशी पडलं, चाकं वर.

"ताटात मांडल्या पेरूच्या फोडी,
केशवरावांच्या हाती आमची गाडी."

यांनी खटका ओढला.

साहेबांनी आधी इंजिनाकडं पाहिलं, मग यांच्याकडं. "गाड़ी तो गिर गई. अब क्यों खींचा?"

"नाम अब आया, साहब."

"पहले क्यों नहीं खींचा? दिख तो रहा था."

"नाम नहीं आया था, साहब."

साहेब खुर्चीतून उठले. वाकून त्यांनी स्वतः इंजिन उचललं, चावी भरली, रुळावर ठेवलं. "फिर से. और बहूजी ही बोलेंगी."

पुढच्या महिन्यात हे पक्के झाले. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. शाळेनं तखत आहे तसं मागवलं, चिंध्यांसकट. ते ट्रकवर चढलं तेव्हा सासूबाई ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेल्या.

"सँभालके ले जाना भैया, पूरा खानदान है."