दहाही गोट्या लाल

पीएचडीच्या कामासाठी मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या आसपासच्या गावांत एक कापडी पिशवी घेऊन फिरत होते. पिशवीत दहा गोट्या, काही लाल, काही पांढऱ्या. समोरच्याला विचारायचं, एक किलो साखर नक्की घेता, की न बघता गोटी काढता? लाल निघाली तर तीन किलो, पांढरी निघाली तर काहीच नाही. दर वेळी मी एक पांढरी गोटी काढून एक लाल टाकायची. कधी ना कधी माणूस नक्कीची साखर सोडून पिशवीकडे वळतो, असं सिद्धांत सांगत होता. लोक वळतही होते.

एका गावात शाळेच्या ओसरीवर पन्नाशीची एक शेतमजूर बाई समोर येऊन बसली. पाच लाल झाल्या, नऊ झाल्या, तरी ती एक किलोवरच. शेवटी दहाही लाल गोट्या मी तिच्या देखत मोजून पिशवीत टाकल्या.

"आता तीन किलो नक्कीच आहेत, मावशी."

"न्हाई. मला एकच द्या."

"काहून? सगळ्या लाल आहेत की."

ती पिशवीकडे बघत राहिली. "आमच्या मालकाचं ऑपरेशन होतं. दहातले नऊ बरे होतात, म्हणले डॉक्टर. दीर न्हाई म्हणत होते. कागदावर अंगठा म्याच लावला. मालक टेबलावरच गेले. डॉक्टर खोटं न्हाई बोलले. पण आता न बघता कशात हात घालणं होत न्हाई माझ्यानं."

मी तिला एक किलो साखर दिली आणि पुढचं नाव पुकारलं.

मार्गदर्शक सरांनी तक्ता बघितला. "हिला प्रश्न समजलेला नाही. ही ओळ काढून टाका."

"सर, तिला समजला होता."

"मग अशी निवड कोणी कशाला करेल?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता, आणि प्रबंधाची मुदत जवळ आली होती. ओळ मीच काढली. एक कळ दाबली, झालं.

प्रबंध मान्य झाला. आता हिंगोलीत एका कॉलेजात शिकवते. जोखीम असताना माणूस कसा निवडतो, हा धडा दरवर्षी येतो. मी फळ्यावर आकृती काढते, मुलं उतरवून घेतात. यंदा तिच्याबद्दल सांगायचं, असं दरवर्षी ठरवते आणि तास संपतो.

मागच्या वर्षी मी बसले होते ती प्रवासी जीप त्या गावात थांबली. उतरावं असं मनात आलं. पण उतरून तिला सांगणार काय होते? तुमचं उत्तर मी पुसलं, हे? मी जागेवरून हलले नाही. जीप सुटली.