मामांच्या नजरेतला खोटा कागद

साऱ्या जगाचे खरा दस्तऐवज आणि खोटा दस्तऐवज असे दोनच भाग आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. हे माझे मामेसासरे कोथरूडला राहतात. शिवाजीनगर कोर्टात त्यांनी उभा जन्म फौजदारी वकिली केली, तीही बहुतेक खोट्या सह्या आणि बनावट कागदांची. त्यामुळे कुठलाही कागद आधी उजेडाकडे धरायचा आणि मगच वाचायचा, ही त्यांची सवय. दुकानातून आलेली किराण्याची यादीसुद्धा यातून सुटत नाही. मामींनी एकदा कुरिअरच्या पावतीवर मामांच्या नावाने सही ठोकली, तेव्हा हे बनियनवर तीन जिने उतरून कुरिअरवाल्याच्या मागे धावले आणि सहीपुढे ‘करिता’ लिहून घेऊनच वर आले. मामी म्हणाल्या, “चला, आज तुरुंग टळला माझा.”

लग्नपत्रिका घेऊन येणाऱ्यांची तर मला दया येते. एका पत्रिकेच्या तळाशी नेहमीप्रमाणे छापलं होतं, ‘माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं, चि. ओंकार.’

“ओंकारचं वय काय?” मामांनी विचारलं.

“दीड वर्ष.”

“म्हणजे मजकूर त्याचा नाही. दुसऱ्याच्या नावाने कागद केलाय तुम्ही. फसवण्याचा हेतू दिसत नाही, म्हणून सोडतो. पण आहेरावर डोळा असेल तर विचार करावा लागेल.”

पाहुणे चहा न घेताच गेले. लग्नाला मात्र मामा सगळ्यांच्या आधी हजर होते आणि ओंकारला मांडीवर घेऊन बसले होते.

या कायद्याची झळ घरालाच लागली ती मुक्ताच्या वेळी. मुक्ता ही मामांची एकुलती एक. हडपसरला नव्या कंप्युटर कंपन्या निघत होत्या, त्यातल्या एकीत तिची निवड झाली, पण आठवड्याभरात अनुभवाचा दाखला हवा होता. ती कात्रजच्या ज्या क्लासमध्ये वर्षभर शिकवत होती तो बंद पडलेला आणि मालक बेपत्ता. मैत्रीण म्हणाली, लेटरहेड मी काढून देते, सही तूच कर.

“बाबा, मी खरंच शिकवलंय. त्यात खोटं काय?”

“मजकूर खरा आहे, कागद खोटा. ज्याची सही म्हणून दाखवणार, त्याने ती केलेली नाही. आणि तो दाखवून नोकरी घ्यायची, म्हणजे हेतूही आला.”

मुक्ता रडायला लागली. मामी म्हणाल्या, “तुमच्या कलमांपायी पोरीची नोकरी जाणार.” मामांनी स्कूटर काढली आणि मला मागे बसवलं.

आम्ही कात्रज पालथं घातलं. दुधाच्या टपऱ्यांपासून सर्पोद्यानाच्या दारापर्यंत विचारून झालं. शेवटी मालक एका गाद्यांच्या दुकानात सापडला. बिचारा लगेच म्हणाला, “द्या, कुठं सही करू?” मामांनी त्याला आधी कागद वाचायला लावला, मग मुलगी आठवते का म्हणून उलटतपासणी घेतली.

“मुक्ता मॅडम? अहो, त्या गेल्या आणि क्लासच बसला.”

“हेही लिहा,” मामा म्हणाले. त्याने ते खरोखर लिहिलं. दाखला पाहून कंपनीतले लोक हसले म्हणतात, पण नोकरी मिळाली.

पुढे कंपनीने तिला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. त्याआधी करारावर वडील जामीनदार म्हणून हवे होते. मामांनी मलाही बरोबर नेलं. त्यांनी सही केली, कंपनीतल्या साहेबांनी ती पॅनकार्डाशी ताडून पाहिली आणि अदबीने म्हणाले, “काका, सही जुळत नाहीये. पुन्हा कराल?”

हे वाक्य मामांनी आयुष्यभर इतरांना ऐकवलं होतं. मुक्ता खिडकीकडे बघत होती. मामांनी कार्ड समोर ठेवलं आणि एकेक वळण पाहत सावकाश दुसरी सही केली. ती तंतोतंत जुळली.

जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. एरवी कधी धरत नाहीत.

“जावईबापू,” ते म्हणाले, “आज मी माझीच सही बघून गिरवली. खरी होती ती पहिलीच.”