आत्याबाईंनी खुरपलेला पट्टा

धुकं इतकं खाली उतरलं होतं की बांधावरून शेत दिसत नव्हतं, चिखलाचा वास तेवढा येत होता. आत्याबाईंनी रबरी बूट चढवले, खुरप्याची धार अंगठ्यावर पाहिली आणि खालच्या पट्ट्यात बसकण मारली.

शेत एके काळी त्यांच्याच घरचं. सासऱ्यांनी चर खणून दलदलीतलं पाणी काढून दिलं आणि तिथं गहू पिकवला. पुढं ते, आटवलेल्या दलदली पुन्हा जिवंत करणाऱ्या पाणथळवाल्यांना विकलं गेलं. त्यांनी चर बुजवले, पाणी परत आणलं आणि खुरपायला रोजानं माणसं लावली. त्यात आत्याबाई आणि त्यांची सून. जन्मभर जे पाणी हाकललं त्याचीच आता सरबराई करायची, याचं आत्याबाईंना हसू यायचं. पण खुरपणीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "आत्याबाई बांधावर दिसल्या की तण आपणहून उठून चालायला लागतं," असं लोक म्हणायचे.

म्हणून तर, काय उपटायचं आणि काय ठेवायचं हे पाणथळवाल्यांच्या रोपवाल्या बाईंनी सगळ्यांना दाखवलं, तेव्हा त्या गेल्या नव्हत्या. "गवत ओळखायची शिकवणी मला? उद्या घास कसा गिळायचा तेही शिकवतील," असं सुनेला ऐकवून घरी बसल्या होत्या.

धुकं निवळलं तेव्हा पट्टा धुतलेल्या पाटीसारखा झाला होता. उपटलेलं सगळं त्यांचा नवरा गाईसाठी घेऊन गेला होता. रोपवाल्या बाई बांधावरून उतरल्या आणि मध्येच थांबल्या.

"इथलं हिरवं कुठं गेलं?"

"काडी ठेवली नाही बघा. मुळासकट काढलंय, परत डोकं वर काढणार नाही."

पलीकडून सून आली. पट्टा बघून तिनं चिखलाचाच हात तोंडावर ठेवला.

"आत्याबाई, तीन धारांची काडी होती का हो?"

"तीच तर. नतद्रष्ट जात. लग्न होऊन आल्यापासून उपटतेय."

"अहो, तीच ठेवायची होती."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आम्ही लावली नव्हती ती. जुन्या चिखलात बी निजून होतं, पाणी लागल्यावर आपलं आपण उगवलं. एवढ्या रानात एवढ्याच जागी. पाखरं तिच्यातच घरटी करतात."

शब्द आत्याबाईंच्या कानावर पडत होते, पण आत उतरत नव्हते. सासऱ्यांचे चर, नवऱ्याचा नांगर, एवढ्यांना जे पुरून उरलं ते त्यांनी एका सकाळीत संपवलं होतं. बोटं खुरप्याभोवती तशीच आवळलेली होती. सुनेनं ती एकेक करून सोडवली.

"गाईनं सगळं खाल्लं असेल का हो?" सुनेनं विचारलं, आणि आत्याबाई पळत सुटल्या.

नवरा गोठ्यात बसला होता. गाय डोळे मिटून रवंथ करत होती. गव्हाणीत हात घातला तर चार शेंडे.

"काय गं, आग लागली का कुठं?"

"मुळं? मुळं कुठायत?"

"चिखल खाऊन जनावराचं पोट बिघडलं असतं. कापून टाकली उकिरड्यावर."

आत्याबाई बुटांसकट शेणात शिरल्या. "डोकं फिरलं का तुझं?" असं म्हणत तो मागं आला, तर त्यांनी त्यालाही खाली बसवलं. ठेचलेली बाजूला, धड असलेली पाटीत. धड कमीच निघाली.

पट्ट्यात परत येऊन त्या मुळं रोवू लागल्या. उपटताना कधी न अडलेले हात पुरताना अडखळत होते. किती खोल, तेही ठाऊक नव्हतं. बाई शेजारी बसून दाखवत होत्या.

"धरतील?"

"सांगता येत नाही. थोडी धरतील. गेली ती गेली."

"उद्यापासून येऊ नका म्हणालात तरी माझं काही म्हणणं नाही."

"या," बाई म्हणाल्या. मुळाभोवतीचा चिखल दाबत म्हणाल्या, "पण एकट्या बसू नका."

त्यात राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. आत्याबाईंनी मान हलवली. वरचा पट्टा अजून खुरपायचा होता. सून एका सरीत बसली, त्या तिच्या शेजारी.

"हे?"

"काढा."

"आणि हे?"

"ते राहू द्या."

आत्याबाईंनी हात मागं घेतला आणि पुढच्या काडीकडं वळल्या.